माहूलची रिफायनरी आणि धाराशिवचा दिवा : तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचा इतिहास

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी माहूल येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने शेजारी शेजारी उभे आहेत. एक हिंदुस्थान पेट्रोलियमचा, दुसरा भारत पेट्रोलियमचा. दोन्ही परदेशी कंपन्यांनी उभारले आणि १९७४ ते १९७६ या काळात ते भारत सरकारच्या मालकीचे झाले. माहूलपासून सुमारे चारशे किलोमीटरवर बालाघाटच्या पठारावर धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा आहे. या जिल्ह्यात तेलाची विहीर नाही आणि रिफायनरीही नाही. पाऊस कमी, उद्योग थोडे, गावे विखुरलेली. तरीही घरातला दिवा, विहिरीवरचे इंजिन, एस. टी. आणि ट्रॅक्टर यांसाठी हा जिल्हा गेली अनेक दशके माहूलसारख्या कारखान्यांवर अवलंबून राहिला आहे. इंधनाची मालकी कोणाकडे असावी, या प्रश्नाचे उत्तर अशा जिल्ह्यापर्यंत येऊन तपासले तरच ते पुरे होते. तेलकंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा इतिहास येथे त्याच अंगाने मांडला आहे.

निजामी राजवटीतले रॉकेल

भारतातील तेलउद्योगाची सुरुवात आसाममधील दिग्बोईत झाली. तेथे १८८९ मध्ये तेल लागले आणि १९०१ मध्ये रिफायनरी सुरू झाली. मात्र देशाची गरज त्यावर भागत नव्हती. पश्चिम भारताला लागणारे रॉकेल आणि पेट्रोल जहाजांनी मुंबई बंदरात उतरे. हा व्यापार मूठभर परदेशी कंपन्यांच्या हाती होता. बर्मा ऑईल आणि शेल या समूहांनी १९२८ मध्ये बर्मा-शेल ही संयुक्त वितरण कंपनी काढली. अमेरिकी भांडवलाच्या स्टँडर्ड व्हॅक्युम आणि कॅलटेक्स या तिच्या स्पर्धक होत्या. पण किमतीच्या बाबतीत या कंपन्यांमध्ये खरी चुरस फारशी नसे.

धाराशिव त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. मुंबईहून निघालेला माल रेल्वेने बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला येई. तेथून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून तो पुढे जाई. ही लाइन १८९७ मध्ये बार्शीपर्यंत पोहोचली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकीमार्गे लातूरला गेली. संस्थानच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर निजाम सरकारचा स्वतंत्र जकात कर, करोडगिरी, बसत असे. स्टेशनावर उतरलेले रॉकेलचे पत्र्याचे डबे बैलगाडीने बाजाराच्या गावी जात आणि तेथून मापाने सुटे विकले जात. खेड्यातल्या घरात चिमणी आणि कंदील एवढाच त्याचा उपयोग होता. रिकामा डबा पाणी भरायला आणि धान्य ठेवायला वापरात राही.

इंधनासाठी परक्या हातांवर विसंबण्याचा अर्थ संस्थानाला १९४८ मध्ये कळला. भारतीय संघराज्याशी संबंध ताणले गेले आणि आर्थिक नाकेबंदी झाली, तेव्हा हैदराबाद राज्यात पेट्रोलसारख्या वस्तूंची टंचाई जाणवू लागली. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईत भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झाले. उस्मानाबाद जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. ज्या बंदरातून त्याचे इंधन येत होते, ते शहर आता त्याची राजधानी झाले.

१९५१ चे करार

स्वतंत्र भारताने रिफायनरी उभारण्याचा विचार केला तेव्हा सरकारजवळ भांडवल नव्हते, तंत्रज्ञान नव्हते आणि कच्चे तेलही नव्हते. परदेशी कंपन्या सुरुवातीला उत्सुक नव्हत्या. तेल जिथे निघते तिथेच शुद्ध करून तयार माल भारतात विकणे त्यांना फायद्याचे होते. १९५१ मध्ये इराणने आपला तेलउद्योग राष्ट्रीयीकृत केला, आबादानची प्रचंड रिफायनरी बंद पडली आणि कंपन्यांचे गणित बदलले. तयार मालाचा मोठा स्रोत अडला होता. ग्राहकाच्या देशात रिफायनरी असणे आता त्यांनाही सोयीचे वाटू लागले.

१९५१ च्या अखेरीस स्टँडर्ड व्हॅक्युम आणि बर्मा-शेल यांच्याशी भारत सरकारचे करार झाले. कॅलटेक्सशी १९५३ मध्ये झाला. करारांच्या अटी कंपन्यांच्या बाजूने झुकलेल्या होत्या. रिफायनरीला लागणारे कच्चे तेल स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या स्रोतातून आणण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही, अशी हमी देण्यात आली. शुद्ध झालेल्या मालाची किंमत आयात मालाच्या किमतीशी बांधली गेली. पेट्रोल माहूलला तयार झाले तरी ते इराणच्या आखातातून जहाजाने आले असे समजून भाडे, विमा आणि जकात धरून त्याचा भाव ठरे.

स्टँडर्ड व्हॅक्युमची रिफायनरी १९५४ मध्ये आणि बर्मा-शेलची जानेवारी १९५५ मध्ये माहूलला सुरू झाली. कॅलटेक्सची रिफायनरी १९५७ मध्ये विशाखापट्टणमला उभी राहिली. मुंबई बंदरातील बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर, तेलवाहू जहाजांसाठी धक्का बांधण्यात आला आणि समुद्राखालून पाइपलाइन टाकून कच्चे तेल माहूलला आणले जाऊ लागले. कोळ्यांची वस्ती, मिठागरे आणि खाजण असलेला हा भाग काही वर्षांत देशाच्या इंधनव्यवस्थेचे केंद्र बनला.

किमतीचा वाद आणि सरकारी कंपनीचा जन्म

करारांवर शाई वाळते न वाळते तोच त्यांच्यावर टीका सुरू झाली. या टीकेला धोरणाचे रूप दिले केशवदेव मालवीय यांनी. नेहरू मंत्रिमंडळात खनिज व तेल खाते सांभाळणाऱ्या मालवीयांचा आग्रह स्पष्ट होता: तेल शोधणे, शुद्ध करणे आणि विकणे या तिन्ही गोष्टी देशाने स्वतः करायला शिकले पाहिजे. १९५६ च्या औद्योगिक धोरणात तेलाला सरकारी क्षेत्रात स्थान मिळाले आणि त्याच वर्षी तेल व नैसर्गिक वायू आयोग (ओएनजीसी) स्थापन झाला. सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने गुजरातमध्ये शोध सुरू झाला. १९५८ मध्ये खंबातजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल सापडले.

१९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्त दरात कच्चे तेल देऊ केले. माहूल आणि विशाखापट्टणमच्या कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास नकार दिला. करारातली मुभा त्यांच्या बाजूने होती, त्यामुळे सरकारला काही करता आले नाही. देशाच्या भूमीवरील रिफायनरीत कोणते तेल जाईल हे देशाचे सरकार ठरवू शकत नाही, ही गोष्ट या प्रसंगाने उघड झाली.

किमतींच्या चौकशीसाठी के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९६१ मध्ये आला. आयातीच्या भावाशी बांधलेली किंमत ग्राहकावर बोजा टाकते, हे मान्य करून समितीने भाव कमी करण्याची वाट दाखवली. पुढे १९६५ मध्ये तालुकदार समितीने आणि १९६९ मध्ये शांतिलाल शहा समितीने याच प्रश्नाची उजळणी केली.

दरम्यान सरकारने स्वतःच्या कंपन्या काढल्या. १९५८ मध्ये इंडियन रिफायनरीज आणि १९५९ मध्ये वितरणासाठी इंडियन ऑईल कंपनी सुरू झाली. १९६४ मध्ये दोन्ही एकत्र होऊन इंडियन ऑईल कॉर्पोरेशन बनले. रुमानियाच्या साहाय्याने गुवाहाटीला, सोव्हिएत साहाय्याने बरौनी आणि गुजरातेत कोयलीला रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशातील निम्म्याहून अधिक इंधनविक्री इंडियन ऑईलच्या हाती आली होती. माहूल मात्र अजून परदेशी मालकीतच होते.

दुष्काळ आणि तेलाचा भडका

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या स्मरणात कायमचा राहिला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली आणि हजारो शेतकरी खडी फोडण्याच्या, नालाबांधाच्या कामांवर गेले. जिथे विहिरीला थोडेफार पाणी होते तिथे ते उपसायला डिझेल लागत होते, कारण वीज सगळीकडे पोहोचलेली नव्हती. धान्य आणि चारा आणायला ट्रक लागत होते. इंधनाची गरज वाढली होती, नेमक्या त्याच सुमारास जगाच्या बाजारात भडका उडाला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध सुरू झाले. तेलउत्पादक अरब देशांनी पुरवठा आवळला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरच्या आसपास गेला. गरजेच्या जवळपास दोन तृतीयांश तेल बाहेरून आणणाऱ्या भारताचे परकीय चलन तेलात वाहून जाऊ लागले. डिझेल महागले, रॉकेलसाठी रांगा लागल्या, नाफ्त्यावर चालणाऱ्या खतकारखान्यांपुढे अडचण उभी राहिली. दुष्काळातून उठू पाहणाऱ्या शेतकऱ्याला डिझेल, रॉकेल आणि खत या तिन्ही बाजूंनी फटका बसला.

आता प्रश्न भावापुरता राहिला नाही. टंचाईच्या काळात कोणते उत्पादन जास्त काढायचे, कच्चे तेल कुठून आणायचे आणि ते आधी कोणाला द्यायचे, हे निर्णय लंडन आणि न्यूयॉर्कच्या कार्यालयांवर सोडणे परवडणारे नव्हते. कंपन्यांनाही भारतात राहण्यात पूर्वीइतका रस उरला नव्हता. भाव सरकार ठरवत होते, आयातीवर बंधने होती आणि पंचवीस वर्षांची मुदत संपत आली होती.

संसदेचे दोन कायदे

मार्च १९७४ मध्ये संसदेने एस्सोच्या भारतातील उपक्रमांचे संपादन करणारा कायदा केला. स्टँडर्ड व्हॅक्युमची माहूलची कंपनी १९६२ पासून एस्सो या नावाने चालत होती. सरकारने तिचा वितरण व्यवसाय पूर्ण आणि रिफायनिंग कंपनीचा ७४ टक्के हिस्सा घेतला. उरलेले २६ टक्के १९७६ मध्ये घेतले. १५ जुलै १९७४ रोजी एस्सो आणि वंगण तयार करणारी ल्यूब इंडिया यांच्या एकत्रीकरणातून हिंदुस्थान पेट्रोलियम कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. कॅलटेक्सचा व्यवसाय १९७६ च्या अखेरीस सरकारकडे आला आणि १९७८ मध्ये तिची रिफायनरी हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. १९७९ मध्ये कोसान गॅस कंपनीही तिच्यात आली.

दुसरा कायदा जानेवारी १९७६ मध्ये बर्मा-शेलसाठी झाला. तेव्हा पेट्रोलियम खाते पुन्हा मालवीयांकडे होते. वीस वर्षांपूर्वी त्यांनी मांडलेला विचार त्यांच्याच हातून पुरा होत होता. २४ जानेवारी १९७६ रोजी बर्मा-शेल सरकारच्या ताब्यात आली. तिचे नाव आधी भारत रिफायनरीज आणि १ ऑगस्ट १९७७ पासून भारत पेट्रोलियम कॉर्पोरेशन झाले. बॅलार्ड इस्टेटमधील तिची इमारत भारत भवन म्हणून ओळखली जाऊ लागली.

या राष्ट्रीयीकरणात जप्ती नव्हती. कंपन्यांशी बोलणी झाली, मोबदला ठरला, कामगारांची नोकरी कायद्याने चालू राहिली आणि कारखाना बंद न पडता मालक बदलला. देशाने दिलेला शब्द मोडला नाही, मुदतीआधी परस्परसंमतीने वाट काढली. या पद्धतीमुळे तांत्रिक माणसे टिकली आणि कारखान्याची घडी विस्कटली नाही.

पिंपातून निघणारे पदार्थ आणि शेत

कच्चे तेल जसेच्या तसे कशालाच उपयोगी पडत नाही. रिफायनरीत ते भट्टीत सुमारे साडेतीनशे अंश तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. मनोरा खाली गरम आणि वर थंड असतो. हलके पदार्थ वाफेच्या रूपाने वर जातात, जड खाली राहतात आणि प्रत्येक पदार्थ ज्या उंचीवर थंड होऊन द्रवरूप होतो तिथल्या तबकातून तो बाहेर काढला जातो. सर्वांत वर स्वयंपाकाचा गॅस, मग नाफ्ता आणि पेट्रोल, त्याखाली रॉकेल, त्याखाली डिझेल आणि तळाशी जाड अवशेष. या अवशेषातून वंगण, भट्टीचे तेल आणि डांबर मिळते.

यातला प्रत्येक पदार्थ धाराशिवपर्यंत वेगळ्या वाटेने आला. माहूलचा नाफ्ता आणि वायू शेजारच्या ट्रॉम्बे खतकारखान्यात जाई. १९६५ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची सुफला खताची पोती मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या परिचयाची झाली. रॉकेल रेशन दुकानात आले. डिझेल विहिरीवरच्या इंजिनात आणि पुढे ट्रॅक्टरमध्ये गेले. वंगण त्याच इंजिनाच्या चाकाला लागले. डांबर सोलापूर-हैदराबाद आणि सोलापूर-धाराशिव-बीड या रस्त्यांवर पडले. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत पन्नासच्या दशकातच मिळू लागला होता. लांबच्या जिल्ह्यांत मात्र त्यासाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे.

राष्ट्रीयीकरणासोबतच देशाला एक मोठा आधार मिळाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात बॉम्बे हायचे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. पुढे समुद्राखालील पाइपलाइनने ते उरणला आले. आखाती तेलासाठी बांधलेल्या माहूलच्या रिफायनऱ्यांत आता महाराष्ट्राच्याच किनाऱ्यासमोरचे तेल शुद्ध होऊ लागले. १९६० मध्ये सोव्हिएत तेल नाकारणाऱ्या याच कारखान्यांत कोणते तेल जायचे, हे ठरवण्याचा अधिकार आता देशाकडे होता.

पाकणीचा डेपो

सरकारी मालकीमुळे किमतीची रचनाही बदलली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तेलकंपन्यांना खर्च आणि ठरावीक परतावा देऊन भाव सरकार ठरवू लागले. एका पदार्थावरचा जादा पैसा दुसऱ्या पदार्थाच्या सवलतीत वळवण्यासाठी समायोजन खाते ठेवण्यात आले. रॉकेल आणि गॅस स्वस्त ठेवण्याचा भार पेट्रोलसारख्या पदार्थांनी उचलला. एप्रिल २००२ मध्ये ही पद्धत औपचारिकपणे संपेपर्यंत बंदरापासून दूर असण्याची पुरी शिक्षा दूरच्या जिल्ह्यांना भोगावी लागली नाही.

पुरवठ्याची साधनेही सुधारली. हिंदुस्थान पेट्रोलियमने ऐंशीच्या दशकात मुंबई ते पुणे पाइपलाइन टाकली आणि पुढे ती सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत नेली. मुंबई-पुणे-सोलापूर या पाइपलाइनची लांबी सुमारे ५०० किलोमीटर आहे. एकाच नळीतून आधी डिझेल, मागोमाग पेट्रोल असे पदार्थ पाठोपाठ ढकलले जातात. दोहोंच्या सीमेवर जो थोडा मिश्र भाग होतो तो वेगळा काढून घेतला जातो. घाट चढणारे टँकर आणि रेल्वेच्या वाघिणी यांवरचा भार त्यामुळे कमी झाला.

पाकणीहून टँकर तुळजापूरमार्गे धाराशिवकडे किंवा नळदुर्गमार्गे उमरग्याकडे निघतात. पंपावर टँकर आला की लगेच रिकामा करत नाहीत. आधी झाकणांची आणि नळांची सीले तपासतात. प्रत्येक कप्प्यात मोजपट्टी बुडवून पातळी पाहतात. पट्टीच्या टोकाला लावलेल्या मलमाचा रंग बदलला तर तळाशी पाणी आहे हे कळते. काचेच्या नळकांड्यात नमुना घेऊन त्याची घनता आणि तापमान मोजतात आणि डेपोच्या पावतीवरील आकड्याशी ताडून पाहतात. सगळे जुळले तरच माल जमिनीखालच्या टाकीत सोडला जातो. कळंबच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये जाणारे डिझेल आणि मुंबईत मिळणारे डिझेल एकाच दर्जाचे असावे, यासाठी ही पद्धत आहे.

सवलतीची गळती आणि माहूलची झळ

या व्यवस्थेचे दोषही मोठे होते. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, त्यामुळे रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा फोफावला. ओळखू यावे म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग देण्यात आला, तरी गळती थांबली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळीचा प्रकार उघड करायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. गरिबाच्या दिव्यासाठी दिलेली सवलत मधल्या मधे कशी लुटली जात होती, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले. वीजजोडण्या वाढल्या, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि रॉकेलचा कोटा कमी होत गेला. सवलत थेट बँक खात्यात देण्याची पद्धत गॅसला लागू झाली. धाराशिवच्या खेड्यांत चूल पुरती विझलेली नाही, कारण जोडणी मिळाली तरी सिलिंडर भरून आणण्याचा खर्च हंगामावर अवलंबून असतो.

दुसरा दोष रिफायनरीच्या दारातच आहे. माहूलच्या कोळी आणि आगरी वस्त्यांनी खाडीतली मासळी कमी होताना पाहिली. पुढे शहरातील प्रकल्पग्रस्तांना माहूलमध्ये घरे देण्यात आली, तेव्हा हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या रहिवाशांना इतरत्र घरे किंवा भाडे देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. आतल्या जिल्ह्यांना मिळणाऱ्या इंधनाची झळ कोणीतरी सोसत आले आहे, याची नोंद या इतिहासात असलीच पाहिजे.

विक्रीचे प्रयत्न

१९९१ नंतर वारे बदलले. सरकारी कंपन्यांचे भाग विकण्याचे धोरण आले. २००२-०३ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम खासगी हाती देण्याचा विचार पुढे आला, तेव्हा १९७४ आणि १९७६ चे कायदे आडवे आले. संसदेने कायदा करून घेतलेली कंपनी संसदेची संमती घेतल्याशिवाय खासगी करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००३ मध्ये दिला. पुढे २०१६ मध्ये कालबाह्य कायदे रद्द करण्याच्या मोहिमेत हे राष्ट्रीयीकरणाचे कायदेही रद्द झाले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने हिंदुस्थान पेट्रोलियममधील ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना ओएनजीसीला विकला. म्हणजे ती कंपनी सरकारच्याच दुसऱ्या कंपनीकडे गेली. भारत पेट्रोलियममधील सरकारचा ५२.९८ टक्के हिस्सा विकण्याचा निर्णय नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला, पण पुरेसे खरेदीदार न राहिल्याने मे २०२२ मध्ये तो मागे घेण्यात आला.

योगायोग असा की सरकारी मालकीचा अर्थ त्याच वर्षी पुन्हा दिसला. युक्रेनच्या युद्धामुळे कच्चे तेल महागले. सरकारी कंपन्यांनी पंपावरचे भाव रोखून धरले. तोटा नको म्हणून काही खासगी पंपांनी विक्री आखडती घेतली आणि ग्रामीण भागात ग्राहकांची गर्दी सरकारी कंपन्यांच्या पंपांवर आली. जून २०२२ मध्ये सरकारला सर्व पंपांसाठी विक्री चालू ठेवण्याचे बंधन घालावे लागले. हिंदुस्थान पेट्रोलियमला एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत १०,००० कोटींहून अधिक तोटा झाला. गॅसवरील तोट्यापोटी तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून २२,००० कोटी रुपयांची एकवेळची भरपाई सरकारने नंतर दिली. पेरणीच्या दिवसांत डिझेल मिळत राहिले, त्याची ही किंमत होती.

उलटी वाट : उसापासून इंधन

एकविसाव्या शतकात धाराशिव इंधनाचा केवळ ग्राहक राहिला नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे झाले आणि २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर वेग वाढला; २०२२ मध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. कळंब तालुक्यातील रांजणीच्या नॅचरल शुगरसारखे कारखाने साखरेबरोबर इथेनॉल तयार करू लागले. तेलकंपन्या निविदा काढून ठरलेल्या दराने ते विकत घेतात. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून ते पाइपलाइनने न पाठवता टँकरने डेपोत नेतात आणि तेथेच पेट्रोलमध्ये मिसळतात. ज्या रस्त्याने तेल येत होते त्याच रस्त्याने आता जिल्ह्याचे इंधन जाऊ लागले.

यात धोका पाण्याचा आहे. ऊस हे भरपूर पाणी पिणारे पीक आणि धाराशिव हा अवर्षणाचा जिल्हा. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने ऊस घटला आणि डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. कारखान्यांचे नियोजन एका आदेशाने कोलमडले. कच्च्या तेलाची आयात कमी करण्यासाठी भूजल संपवणे हा व्यवहार जिल्ह्याला परवडणारा नाही. ठिबकवरचा ऊस, ज्वारी-मक्यासारख्या धान्यापासून आणि शेतातील काडीकचऱ्यापासून होणारे इंधन यांकडे तेलकंपन्यांची खरेदी वळली, तर आयातही घटेल आणि विहिरीही टिकतील.

या सत्तर वर्षांचा हिशेब केला तर निष्कर्ष स्पष्ट निघतो. सरकारी तेलकंपन्यांनी चुका केल्या, तोटे सोसले, काही काळ ग्राहकाला रांगेत उभे केले. परंतु ज्या जिल्ह्यात विक्री थोडी आणि वाहतूक लांबची, तिथेही इंधन पोहोचवणे हे आपले कर्तव्य आहे, ही जाणीव राष्ट्रीयीकरणातूनच आली. पूर्वी कायद्याने दिलेले संरक्षण आता उरलेले नाही. पुढचा निर्णय धोरणावर अवलंबून आहे. तो घेताना भागभांडवलाच्या भावाबरोबर भूम, परंडा, लोहारा, उमरगा येथील पंपावर टंचाईच्या महिन्यात डिझेल मिळेल काय, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. संसदेने १९७४ आणि १९७६ मध्ये केलेल्या कायद्यांचा खरा हेतू तोच होता.